राख घरात आणू नये

लीड्स
२२ एप्रिल १९९०

प्रिय शैला,

तुला आणि जयंतला आशीर्वाद. जयंत काल सकाळी इथून निघाला. हे पत्र त्याच्या मागून चार-पाच दिवसांनी मिळेल. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत, आणि तो समोर बसला असताना तर मुळीच बोलता आल्या नाहीत.

हरीशची अर्धी राख त्याच्याबरोबर दिली आहे. उरलेली अर्धी आमचा अतुल डिसेंबरात एडिनबरहून येऊन नाशिकला नेईल. गेल्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला तुमच्या घराखालच्या नदीत पाय सोडून बसला असताना हरीश म्हणाला होता, मला इथेच सोडा, इतकं स्वच्छ पाणी कुठे पाहिलं नाही. तेव्हा आपण सगळे हसलो. फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्ये पुन्हा म्हणाला, तेव्हा कोणी हसलं नाही. त्याने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. हे मागितलं आहे, तेव्हा नीट झालं पाहिजे.

क्रेमटोरियममधून प्लास्टिकची बरणी मिळाली. भिंतीला लावायच्या रंगाचा डबा असतो तशी. ती मला बघवेना. म्हणून तुमच्यासाठीची राख मी घरातल्या एका डब्यात काढून दिली. आपल्याकडे अस्थी म्हणतो तशा इथे नसतात. यंत्रात दळून देतात. पांढुरकी, जराशी खरखरीत पूड. डबा घरात आणू नये. इथेही मी तो गॅरेजमध्येच ठेवला होता. तुमच्या मागच्या कोठारात ठेवा, आणि जयंतने एखाद्या सकाळी आंघोळ करून नदीवर जावं. एवढंच.

लोक अजून समाचाराला येतात. दोन मिनिटं हरीशबद्दल बोलतात आणि मग सरकारच्या नव्या पोल टॅक्सबद्दल. परवा एक गृहस्थ समोसे खाऊन बोटं सोफ्याच्या हाताला पुसून गेले. मी पाहत होते. त्यांनीही पाहिलं की मी पाहतेय, तरी दुसरा हात पुसला. शेजारच्या बाईंनी मांसाचा कॅसरोल आणून दिला, त्यावर चरबीचा पांढरा थर. फुलदाण्यांतलं पाणी हिरवं झालं आहे आणि घराला गटाराचा वास येतो. हरीश असता तर एक दिवस राहू दिलं नसतं. मी घासलेला ग्लास उजेडात धरून बघायचा आणि न बोलता पुन्हा घासायचा. तेहतीस वर्षं त्याचा मला राग आला. आता कोणी बघत नाही, तर मला माझ्याच घरातल्या ग्लासने पाणी प्यायची किळस येते.

झालं की कळव.

मधुमती


ला व्हर्न
६ मे १९९०

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. काळजी करू नका, सगळं नीट झालं. मी जाऊ शकले नाही, कंबर धरली होती. जयंत मंगळवारी सकाळी आंघोळ करून एकटाच गेला. तासाभराने आला. मी दारातच विचारलं, झालं का, तर म्हणाला झालं. मग बराच वेळ बाहेर अक्रोडाखाली बसून होता. भावाचं असं करणं सोपं नसणार.

वहिनी, आता तुमच्याबद्दल. तुम्ही त्या घरात एकट्या काय करताय? लीड्समध्ये राहिलं काय आहे? लंडनजवळ मेडनहेडला असताना माझीही हीच हालत होती. सकाळी पावणेआठची ट्रेन पकडणाऱ्या जयंतला टाटा, मग दिवसभर समोरच्या लोकांच्या गाड्या मोजा. इथे आल्यापासून मला झोप लागते. इथे काही नाहीच, आणि तेच तर हवं होतं. कचऱ्याची लॉरी नाही, विमानं नाहीत. आठवड्याला एकदा मार्केट, रोज ब्रेडवाल्याची व्हॅन. शेजारी फक्त मादाम लुईझ, आणि त्या टेकडीमागे दोन इंग्लिश कुटुंबं. लाकडाचा स्टोव्ह आहे, त्यावर भाकरी फुलते. तुम्हाला हसू येईल, पण मी पुन्हा राखेने भांडी घासायला लागलेय. मेडनहेडला तांब्याचे हंडे शोकेसमध्ये होते, इथे वापरात आहेत. जयंतला सांगून ठेवलंय, स्टोव्हची राख चाळून ठेवत जा. तो अर्थात विसरतो.

आमच्या अंगणात एक दगडी खोली आहे, पूर्वी गावाची पावाची भट्टी होती त्यात. भिंती हातभर जाड. ती नीट केली तर एका माणसाला छान घर होईल. जयंतच म्हणाला, वहिनींसाठी करू. तुम्ही घर विका आणि इथे या, अगदी कायमच्या. दादाही आता इथेच आहेत ना.

आधी उन्हाळ्यात येऊन बघा. हो म्हणा.

तुमची,
शैला


लीड्स
८ जुलै १९९०

प्रिय शैला,

पत्र मिळालं. मी जूनअखेर हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाले. निरोपसमारंभाला केक होता. ज्या टेबलावर आम्ही नमुने ठेवतो त्याच टेबलावर कागद अंथरून कापला. मी खाल्ला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घर बघायला एस्टेट एजंटचा माणूस येऊन गेला. हरीशच्या खोलीत शिरला, नाक वर करून म्हणाला, जरा स्मोकी आहे. हरीशने जन्मात सिगरेट ओढली नव्हती. तो उदबत्तीचा वास होता.

अजून काहीही ठरवलेलं नाही. पण घर विकावं असं मनात येतं, ते फक्त एका कारणाने. तो तिकडे आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते.

मधुमती


ला व्हर्न
१९ जुलै १९९०

ती. वहिनी,

किती बरं वाटलं म्हणून सांगू. जयंत स्टेशनवर येईल. तुमच्यासाठी वरची खोली काढलीय, खिडकीतून नदी दिसते. येताना फक्त हिंग आणा आणि जमलं तर पातळ पोहे. चिवडा केला होता तो संपत आला.

एक गंमत. तुमचे दीर अगदी फ्रेंच झालेत. ताट नकोच म्हणतात. ब्रेड आणि चीज हातात घेऊन अंगणात उभ्याने खातात. मी म्हटलं, मी इतकी घासूनपुसून भांडी ठेवते ती कोणासाठी? तर म्हणे उकडतंय, आत बसवत नाही. आणि दुसरी गंमत अशी की माझ्या सांगण्याचा एकदाचा परिणाम झाला. राख इतकी छान चाळून ठेवली होती की काय सांगू. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा न आठवण करता काम केलं.

वाट बघते.

शैला


लीड्स
९ सप्टेंबर १९९०

शैला,

सुखरूप पोहोचले. तू फोनवर विचारलंस की भट्टीच्या खोलीच्या कामाला माणूस सांगू का. फोनवर मी बघू म्हणाले. पत्रात खरं लिहिते. सांगू नकोस.

तुमच्याकडे असताना मी 'छान आहे' म्हणत होते ते सौजन्य होतं. तुम्ही दोघांनी माझं खूप केलं. पण मला तिथे किळस आली. इथे येते त्याहून जास्त आली, कारण तिथे येणार नाही असं मला वाटलं होतं.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर माश्या धरायची चिकट पट्टी लटकते. तिच्यावरच्या काही जिवंत असतात. वाढताना तुझा हात तिच्याखालून जातो आणि तुला आता ते दिसत नाही. मैल्याची टाकी खिडकीखाली आहे. वारा पडला की कळतं. मादाम लुईझ माझ्याशी बोलता बोलता सशाचं कातडं लहान मुलाचा स्वेटर काढावा तसं डोक्यावरून ओढत होती, आणि तोच हात पुसून तिने माझ्या गालाला लावला. ती बाई वाईट नाही. पण मी वर जाऊन तोंड धुतलं, आणि टॉवेल तिच्याकडूनच धुऊन आलाय हे आठवून पुन्हा धुतलं.

आणि त्या इंग्लिश लोकांकडची संध्याकाळ. यजमान अनवाणी, पाय खुर्चीवर, चीजच्या बशीशेजारी. इंग्लंडातलं, सरेमधलं घर विकून आल्यापासून खरं आयुष्य कळलं, असं ते मला तीनदा म्हणाले. त्यांची बायको म्हणाली, तुम्ही तर शाकाहारी, तुमचं आयुष्य आधीच किती प्युअर. मग आतड्यांची ती सॉसेज कापली. शैला, मी तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली. तो वास मला ठाऊक आहे. तो आम्ही झाकण लावून फ्युम कबर्डमध्ये, वास ओढून घेणाऱ्या कपाटात ठेवत असू. तिथे लोक त्यावर मोहरी लावून डोळे मिटत होते. जयंत सगळ्यांत मोठ्याने हसत होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो इतका हसतो तेव्हा त्याला काहीतरी दिसू द्यायचं नसतं.

नदीवर मी रोज गेले. तुला वाटलं फिरायला जाते. मी हरीशला भेटायला जात होते. पहिल्या दिवशी मला वाटलं जागा चुकली. पाणी तपकिरी, कडेला फेस. वर नवा गोठा झालाय, त्याचं सगळं तिथे उतरतं. गेल्या वर्षी तो नव्हता. काठावर बसून मी काहीतरी वाटायची वाट पाहिली. काही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की ग्लास उजेडात धरून बघणारा माणूस आम्ही शेणात सोडला.

आता शेवटचं. हे लिहू नये असं ठरवलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या फळीवर एडिनबरच्या किल्ल्याचं चित्र असलेला शॉर्टब्रेडचा डबा आहे. अतुलच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हा हरीशने घेतलेला. त्याच डब्यात मी त्याची राख भरून दिली होती. तू त्यात चिवडा ठेवतेस. धुऊन घेतला असशील, मला माहीत आहे. वस्तू टाकायची नसते हेही माहीत आहे. तरी तू झाकण उघडून माझ्यापुढे केलास तेव्हा मला ओकारी येईल असं वाटलं. मी पोट ठीक नाही म्हणाले. जयंतनेही चिवडा कधी घेतला नाही, ॲसिडिटी आहे म्हणाला. निदान त्याला तरी लाज वाटत असेल.

एकाच गोष्टीची आठवण चांगली आहे. जेवणानंतर अंगणातल्या हौदावर भांडी घासायची. धुळ्याला आईकडे घासत होते तशी, काथ्याने, राखेने. पहिल्या दिवशी तू नको नको म्हणालीस, मग तुला सवय झाली. मी मुद्दाम सगळी घासत होते, स्वच्छ असलेलीसुद्धा. हरीश गेल्यापासून माझे हात कशालाही लावले की धुवावेसे वाटतात. तिथे मात्र तसं झालं नाही. मनगटापर्यंत राख असायची आणि डोकं शांत. का ते कळलं नाही. जयंत अक्रोडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि माझ्या हातांकडे बघायचा. एकदा म्हणाला, वहिनी पुरे ना. मी म्हटलं, राहू दे रे, बरं वाटतं. तर उठून गेला.

पण भांडी घासायला मिळतात म्हणून कोणी घर विकत नाही. मी येणार नाही.

मधुमती


ला व्हर्न
१७ सप्टेंबर १९९०

वहिनी,

तुमचं पत्र सकाळी आलं. आधी राग आला, ते कबूल करते. माझ्या टेबलाबद्दल, माझ्या हाताबद्दल. मी मनात उत्तर लिहीत लिहीत पुढे वाचत होते. मग डब्यापाशी आले.

तो डबा तुम्ही दिलेला होता हे मला माहीत नव्हतं. जयंतने मला डबा दाखवलाच नव्हता. घरात आणायचा नाही म्हणून गाडीतून थेट कोठारात ठेवला, टॉवेलात गुंडाळून. नदीवर सोडलं म्हणाला, तेव्हा मला वाटलं सगळंच सोडलं.

वहिनी, हा किल्ल्याचा डबा मला जूनमध्ये कोठारात सापडला. सरपणाच्या मागे, वरच्या फळीवर. तो रिकामा नव्हता. काठोकाठ राख होती. मी इतके दिवस जयंतच्या मागे लागले होते, राख चाळून ठेव म्हणून. मला वाटलं त्याने ठेवली. चिमटीत घेऊन पाहिलंसुद्धा, जरा खरखरीत वाटली, म्हटलं लाकूड वेगळं असेल. हौदाजवळच्या मातीच्या बरणीत मी ती ओतली आणि डबा चांगला होता म्हणून घासून आत आणला.

तीच बरणी. तुम्ही जिच्यात हात घालत होतात तीच.

जयंत सरपण आणायला गेलाय. मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारायची गरजही नाही. चिवडा त्या डब्यात पहिल्यांदा भरला तेव्हा तो म्हणाला होता, हा डबा कुठून आला. मी म्हटलं कोठारातून. त्यात काय होतं, म्हणाला. मी म्हटलं राख, हौदाजवळ ओतली. मग तो बाहेर गेला आणि त्या दिवसापासून ताटात जेवलेला नाही.

मी हे त्याला दाखवणार नाही. ब्रेडच्या व्हॅनवाल्याकडे देतेय. तो यायच्या आत दिलं नाही तर मला पाठवायचा धीर होणार नाही.

शैला


ला व्हर्न
२ ऑक्टोबर १९९०

ती. वहिनी,

तुमचं उत्तर नाही. फोन वाजत राहतो. अतुलला फोन केला, तो म्हणाला आई ठीक आहे, फोन उचलायचा नाही म्हणते.

जयंतला मी विचारलं. आधी म्हणाला, तुझा गैरसमज झालाय. मग म्हणाला, मी सांगणारच होतो. शेवटी सांगितलं.

त्या मंगळवारी तो गेला होता. काठावर पोहोचला तर पाण्यात मेलेली मेंढी. फुगलेली, पाय वर, आणि आजूबाजूला गोठ्यातनं आलेला तो फेस. डब्याचं झाकण उघडून उभा राहिला आणि त्याला दादा दिसले म्हणे, नाकाला रुमाल लावलेले. सोडवेना. पाऊस पडून पाणी वाहतं झालं की सोडू, असं ठरवून परत आला. दारात मी विचारलं झालं का, तर तोंडातून झालं निघालं. पुढे रोज ते अवघड होत गेलं.

मी म्हटलं, ते मी समजू शकते. पण वहिनी घासत होत्या तेव्हा तू बसून बघत होतास. त्यावर तो म्हणाला, सांगितलं असतं तर त्या मेल्या असत्या. मी म्हटलं, त्या नाही, तू. तो तुम्हाला पत्र लिहायला रोज बसतो आणि चहा झाला की उठतो.

बरणी अर्ध्याहून कमी आहे. मी झाकण लावून वर दगड ठेवलाय. काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करीन. तुमच्या हातून माझ्या घरी हे झालं याचं काय करायचं ते मला कळत नाही.

शैला


लीड्स
१४ ऑक्टोबर १९९०

शैला,

बरणी आहे तिथे राहू दे. घरात आणू नकोस. कोणी हात लावू नये. नदीवर जयंतने जाऊ नये.

तुझी चूक नाही. राख म्हटल्यावर आपल्या बायका भांडीच घासणार.

लॅबमध्ये मी लोकांचं सगळं हाताळलं. थुंकी, लघवी, मैला. घरी येऊन शांतपणे जेवले. आता माझ्या नखांत काहीतरी आहे असं वाटून मी ब्रशने घासते. मग घासल्यावर ते गेलं असेल म्हणून रडते. त्याचं वाईट वाटावं की किळस यावी हे मला ठरवता येत नाही. दोन्ही एकदम येतात. जयंतची मात्र फक्त किळस येते. त्याला पत्र लिहू नको म्हणावं.

मधुमती


ला व्हर्न
२० जानेवारी १९९१

ती. वहिनी,

तीन महिने झाले. मधे लिहिलं नाही, म्हटलं तुम्हाला नको असेल. अतुलने नाशिकहून आल्यावर फोन केला होता. तिकडचं सगळं नीट झालं हे ऐकून बरं वाटलं.

इथे बर्फ आहे. बरणीवर मी पत्रा टाकलाय. आम्ही दोघं कागदी प्लेट्समध्ये जेवतो. ती सगळी भांडी मी हौदाजवळ पालथी ठेवलीत. आत घेतली नाहीत, टाकलीही नाहीत. टाकायची तर कुठे? मादाम लुईझने विचारलं, तुमचा काही सण आहे का. मी हो म्हटलं.

जयंतने भट्टीच्या खोलीचं छप्पर स्वतः बांधायला घेतलंय. कोणी सांगितलं नाही. मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाला कोणासाठी नाही.

चिकट पट्टी मी काढली. हिवाळ्यात माश्या नसतातच, पण काढली.

शैला


लीड्स
३ मार्च १९९१

शैला,

वर्ष झालं. अतुल येऊन गेला. घर बघायला एक जोडपं दोनदा आलं. त्यांना हवं आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांसाठी येते. तुमचं मार्केट कोणत्या दिवशी असतं ते कळव. त्या दिवशी तुम्ही दोघांनी मार्केटला जायचं आहे.

मधुमती


लीड्स
२८ एप्रिल १९९१

प्रिय शैला,

तुम्ही मार्केटमधून आलात तेव्हा भांडी आत, फळीवर लावलेली होती आणि बरणी रिकामी. तू काही विचारलं नाहीस. जयंतने विचारायला तोंड उघडलं आणि तू त्याच्याकडे नुसतं पाहिलंस. तुझे त्याबद्दल आभार. आता सांगते, म्हणजे तुला त्या भांड्यांत शिजवायचं की नाही ते ठरवता येईल.

मी उरलेली राख नदीवर नेणार होते. तेवढ्यासाठीच आले होते. सकाळी लवकर एकटी जाऊन आले. मेंढी नव्हती, फेस होता. गोठ्याच्या वरपर्यंत चढून गेले, तर तिथे गावाचा कचरा टाकतात. फ्रिजचं दार, बाटल्या, पिसं. सबंध नदीला एक हात लांबीची जागा सापडली नाही जिथे त्याने पाय घातला असता.

परत येऊन हौदावर बसले. पालथी भांडी तशीच होती, हिवाळ्याने काळी पडलेली. हंडे, परात, कढई, माझ्या सासूबाईंचा तांब्या. ती बघून मला शिसारी आली. बरणीचं झाकण काढताना तर जास्तच. मी हातमोजे आणले होते, लॅबचे. एक घातलासुद्धा. मग काढला.

शैला, त्या माणसाने आमच्या घरात रोज भांडी घासली. मी घासलेली पुन्हा घासली. पाहुणे बसलेले असताना उठून कप विसळायचा, मला लाज वाटायची. गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्या अंगणात माझे हात का शांत झाले ते मला तेव्हा कळलं नव्हतं. अर्धं काम नकळत झालंच होतं. उरलेलं कळून केलं. सगळी राख लागली. एकेक भांडं मी उजेडात धरून पाहिलं आणि जिथे डाग होता तिथे पुन्हा घासलं. विहिरीचं पाणी काढून धुतलं, ते स्वच्छ होतं. धुतलेलं पाणी बादलीत धरून अक्रोडाच्या बुंध्याशी ओतलं. जमिनीवर सांडू दिलं नाही. मंत्र म्हटले नाहीत. मला येत नाहीत.

ओकारी आली नाही. इतकंच सांगू शकते. बरं वाटलं असं म्हणणार नाही.

डबा मी इथे आणला आहे. त्यात काही ठेवणार नाही.

त्या जोडप्याला मी काल होकार कळवला. सप्टेंबरात येईन. भट्टीच्या खोलीचं छप्पर जयंतने बरं केलं आहे, पण खिडकी मैल्याच्या टाकीकडे आहे. ती बुजवून अक्रोडाकडे पाडायला सांग. स्वयंपाक मी वेगळा करीन. त्या इंग्लिश लोकांकडे मी येणार नाही. मादाम लुईझला सांग, गालाला हात लावलेला मला चालत नाही. जयंतशी मी बोलेन, पण केव्हा ते मला विचारू नये. तोपर्यंत त्याने ताटात जेवावं. इतकी स्वच्छ भांडी त्याला पुन्हा मिळायची नाहीत.

आणि अक्रोडाखाली कपड्यांचं साबणाचं पाणी टाकत जाऊ नकोस.

मधुमती